साळवे सरांचं ओलं चित्र

बोर्ड रंगवणाऱ्याला दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं भेटतात. एकाला आपलं नाव मोठं हवं असतं आणि दुसऱ्याला ते शेजाऱ्याच्या नावापेक्षा मोठं हवं असतं. या दोघांची मर्जी सांभाळत मी परभणी जिल्ह्यात चाळीस वर्षं काढली. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर आणि डोंगर, शाळांच्या भिंतीवरचे सुविचार, आणि वारलेल्या माणसांची ऑइलमधली चित्रं. फ्लेक्स आला आणि आमचा धंदा बसला, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं रडगाणं इथे गाणार नाही. फ्लेक्सवरचे चेहरे सगळे सारखेच गोरे असतात, एवढं बोलून पुढे जातो.

वारलेल्यांची चित्रं हे माझं खरं काम. जिंतूरकडचा एक शेतकरी बापाचं चित्र काढून घ्यायला आला. फोटो एकही नाही. मी विचारलं, "कसे दिसायचे?" तर म्हणाला, "माज्यावानीच. पन रागीट." मग त्यालाच स्टुलावर बसवला आणि म्हटलं, रागीट चेहरा करा. दोन तास तो बिचारा माझ्याकडे खाऊ का गिळू असा बघत बसला होता आणि त्याची बायको दारात पदर तोंडाला लावून हसत होती. चित्र झालं. न्यायला त्याची म्हातारी आत्या सोबत आली. तिने चित्राकडे बघितलं, पुढे होऊन चित्रातल्या माणसाच्या पायाला हात लावला आणि रडायला लागली. "माझा दादा हाय ह्यो," म्हणाली. त्या चित्रात तिच्या दादाची एक रेघही नव्हती. मी पैसे घेताना तिच्याकडे बघितलं नाही.

लोक विचारतात, पेंटर, हे हुबेहूब काढायचं कुठे शिकलात? मी सांगतो, असंच, बघून बघून. हे खोटं आहे. मला साळवे सरांनी शिकवलं. हे नाव मी पुष्कळ वर्षं कुठेच घेतलं नाही, म्हणून आज लिहून टाकतो.

साळवे सर आमच्या गावच्या हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक होते. मूळचे सोनपेठकडचे, बौद्ध. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची सहा घरं होती, तिथे ते पत्र्याच्या एका घरात भाड्याने राहत. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा. एसटी स्टँडसमोर माझं बोर्डांचं दुकान होतं. दुकान म्हणजे टपरीच, पण पाटीवर मी 'उत्तम कला मंदिर' असं लिहिलं होतं. आमचं घर वीस एकरांचं, पाटलाच्या भावकीतलं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, त्यांना माझा हा उद्योग मान्य नव्हता. कुणब्याच्या पोराने दुसऱ्यांची नावं कशाला रंगवावीत, हा त्यांचा सवाल होता.

एके दिवशी सर शाळेची पाटी रंगवून घ्यायला आले. मी लिहीत होतो, ते मागे उभे राहून बघत होते. पाटी झाल्यावर म्हणाले, "अक्षर लय देखणं हाय तुझं. पन त्या कोपऱ्यातली सरस्वती बग. तिला हाडं न्हाईत." मला राग आला. पण रात्रभर ती सरस्वती मला बिनहाडाची दिसत राहिली. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो.

सरांनी ट्रंकेतून एक मोठा छापील कागद काढला. औरंगाबादला कोर्स करत असताना रद्दीच्या दुकानात त्यांना तो मिळाला होता. कुणा जुन्या परदेशी चित्रकाराचं चित्र होतं. त्याचं नाव सर मोठ्या मायेने घ्यायचे, पण माझ्या जिभेला ते कधीच वळलं नाही. चित्रात एक अंधारी खोली होती. येशू कमरेला टॉवेल गुंडाळून जमिनीवर गुडघे टेकून बसलेला, पुढ्यात पाण्याचं घमेलं, आणि तो आपल्या एका म्हाताऱ्या शिष्याचे पाय धुतो आहे. म्हाताऱ्याने एक पाय पाण्यात दिला आहे आणि दुसरा संकोचाने मागे ओढला आहे. सर म्हणाले, "आपुन दोघं मिळून हे काढू. ह्याच्यात सगळं हाय. कापड हाय, पानी हाय, म्हातारं कातडं हाय. हे जमलं तर काहीबी जमंल."

मी मराठा, सर बौद्ध आणि चित्र ख्रिस्ताचं. गावात चर्चा व्हायला वेळ लागला नाही. कुणीतरी सरांना विचारलंच, "मास्तर, आता परत धर्म बदलायलाव का काय?" सर म्हणाले, "न्हाई हो, पाय काढायला शिकायलोय." अण्णांनी मात्र ते चित्र एकदा माझ्या वहीतल्या कच्च्या आखणीत बघितलं आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ह्ये उलटं हाय. देव कुनाचे पाय धुतो का?" मी म्हटलं, धुतो, चित्रात तर धुतो आहे. "मंग त्यो देव न्हाई," म्हणून ते गोठ्याकडे गेले.

आता धंद्यातली गोष्ट जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पाटीला आम्ही वापरतो तो डब्यातला इनॅमल रंग. सकाळी लावला की संध्याकाळी बोट लावून बघा, वाळलेला. चित्राचा ऑइलचा रंग वेगळा. तो जवसाच्या तेलात असतो आणि तेल वाळायला दिवस लागतात, जाड थराला महिनेसुद्धा. ट्यूब महाग, म्हणून आम्ही तेल आमच्याकडच्या घाण्याचंच घ्यायचो. बाटलीत भरून पत्र्यावर उन्हात ठेवायचो, गाळ खाली बसला की वरचं नितळ तेल काढून घ्यायचो. कॅनव्हास म्हणजे कोरं मांजरपाट, बाभळीच्या चौकटीवर ताणून खिळलेलं आणि त्यावर सरस आणि सफेद्याचा हात. छापील कागदावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, कापडावर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेका चौकटीतलं तेवढंच बघून उतरवायचं. सर म्हणायचे, "येशू काढू नकोस. ह्या चौकटीत जेवढं हाय तेवढंच काढ." पहिलं वर्षभर तर त्यांनी मला रंगाला हातच लावू दिला नाही. कोळशाने नुसते पाय. माझे, त्यांचे, त्यांच्या बायकोचे, बाजाराला आलेल्या माणसांचे. मी गावातली माणसं पायांवरून ओळखायला लागलो.

दर रविवारी सकाळी जायचो. वैनी, म्हणजे सरांच्या मंडळी, गुळाचा चहा करायच्या आणि भाकरीवर ठेचा द्यायच्या. मी खायचो, प्यायचो. घरी सांगायचो नाही. घरी विचारलं तर 'दुकानात होतो' म्हणायचो. तिथे मला काही गैर वाटायचं नाही आणि घरी सांगायची छाती व्हायची नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने राहू शकतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत चित्र बरंच पुढे आलं. खोली, भिंत, येशूची पाठ सरांनी केली होती. म्हाताऱ्याचे पाय आणि घमेल्यातलं पाणी त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं. सुट्टीत ते सोनपेठला गेले आणि जाताना घराची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "पाय तुजे. सावकाश कर." मी केले. इतके चांगले आले की मलाच खरं वाटेना. पण सर यायच्या आत ते पुरे वाळलेले दिसावेत, त्यावर पाण्याची चमक असावी, अशी मला घाई झाली. ऑइल काही वाळेना. शेवटी मी पाटीवाला माणूस, पाटीवाल्याचंच डोकं चाललं. दुकानातून पांढरा इनॅमल आणला, रॉकेलने पातळ केला आणि पायांवर, टॉवेलवर, पाण्यावर चमकीचे हात मारून दिले. संध्याकाळी टणक वाळलं. मी खूश.

मृगात सर आले तेव्हा दुधावरच्या सायीसारख्या त्या भागावर सुरकुत्या पडल्या होत्या. बोटाने दाबलं तर खाली रंग लिबलिबीत. सर रागावले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, "वरून पक्कं झालं, आत वलंच ऱ्हायलं. आता आतल्याला हवाच न्हाई, ते वाळंल कसं?" मग सुरी घेऊन त्यांनी दोन रविवार तो सगळा भाग कापडापर्यंत खरवडून काढला आणि मला पुन्हा काढायला लावला. पावसाळा लागला होता. दमट हवेत घाण्याचं तेल दुप्पट वेळ खातं. माझी घाई नसती तर ते चित्र जुलैपर्यंत खडखडीत वाळलं असतं. हे लक्षात ठेवा.

त्याच दिवसांत नामांतराचं वारं तापलेलं होतं. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावर पारावर, हॉटेलात, एसटीत दुसरं बोलणं नव्हतं. आमच्या गावातल्या कितीजणांनी विद्यापीठ बघितलं होतं हे विचारायची सोय नव्हती. मीही बघितलं नव्हतं. माझा चुलतभाऊ भागवत दोन पोरं घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "उत्तम, तुजं अक्षर गावात एक नंबर. चार भिंती लिहून दे."

मी लिहून दिल्या. का दिल्या याचं उत्तर मी पुष्कळ वेळा तयार केलं. भावकी, दुकान, अण्णा. ती सगळी उत्तरं खरी आहेत आणि त्यातलं एकही पुरत नाही. लाल काव कालवली, मोठा ब्रश घेतला आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर, शाळेच्या कंपाउंडवर लिहिलं, 'नामांतर होऊ देणार नाही'. वर अक्षरांना काळी सावली दिली. घोषणेला सावली द्यायची काही गरज नव्हती. पण हात चांगला चालला होता आणि मला ते उठून दिसायला हवं होतं. ती सावली द्यायची पद्धत मला सरांनीच शिकवली होती. अक्षर कुणाचं, हे त्यांना सही नसली तरी कळणार, हे लिहिताना माझ्या मनात आलं होतं. तरी मी लिहीत राहिलो.

मग विधिमंडळाने नामांतराचा ठराव केल्याची बातमी रेडिओवर आली आणि दोन दिवसांत सगळा मुलूख पेटला. शेजारच्या एका गावाकडून भरदिवसा धूर दिसला. आमच्याकडे घरं जळाली नाहीत, हे गावातले लोक अजून मोठेपणाने सांगतात. पण खालच्या सहा घरांच्या पत्र्यांवर दगड पडले, विहिरीवर पाणी बंद झालं, त्यांना कामावर बोलवायचं नाही असं ठरलं. दगड मारणाऱ्यांत भागवत होता. मी नव्हतो. मी घरात होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सर माझ्या दुकानात आले. स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. ते त्या रंगवलेल्या भिंतीसमोरूनच माझ्याकडे आले होते, म्हणजे ते अक्षर त्यांनी वाचलं होतं. बाकावर बसले. म्हणाले, "उत्तम, चित्र वलं हाय. गुंडाळता येत न्हाई, कशाला टेकवता येत न्हाई. पत्र्याला छेद पडलेत, वरून पानी गळायलंय. चार-आठ दिवस तुज्या दुकानात ठेवशील का? भिंतीला उभं कर, तोंडाला हवा लागू दे."

मी रंगाच्या डब्यांची झाकणं लावत बसलो. म्हटलं, "सर, अण्णांना विचारावं लागंल."

"विचार की," सर म्हणाले.

"उद्या सांगतो."

"बरं." ते माझ्याकडे बघत होते की काय कोण जाणे, मी मान वर केली नाही. मग उठून गेले.

मी अण्णांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित दोन शिव्या देऊन हो म्हणाले असते, ते तसे होते. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. अंगात कणकण आहे म्हणून शेतावर जाऊन बसलो. त्याच्या पुढच्या दिवशीही तिथेच. तिसऱ्या दिवशी कळलं की सर बायकोला आणि मुलांना घेऊन परभणीच्या गाडीने गेले. पुढच्या आठवड्यात बाकीची पाच घरंही एकेक करून उठली.

मी खाली जाऊन त्यांचं घर बघून आलो. पत्रा गळत होता. भिंतीशी बाभळीची चौकट रिकामी उभी होती, तिच्या कडेने खिळ्यांना मांजरपाटाच्या चिंध्या लटकत होत्या. म्हणजे सरांनी कापड फाडून काढून नेलं होतं. ओलं.

दोन वर्षांनी मी गाव सोडलं आणि परभणीला दुकान टाकलं. नाव झालं. पाटीवरच्या हाडं नसलेल्या देवांपासून सुरू झालेला माणूस मी, लांबलांबची गिऱ्हाइकं माझ्याकडे चित्रं काढून घ्यायला येऊ लागली. चेहरा कसाही येवो, हात-पाय मात्र जिवंत यायचे. लोक तारीफ करायचे आणि मी 'बघून बघून' म्हणायचो. सरांचा पत्ता काढणं अवघड नव्हतं. शिक्षक माणूस, बदलीच्या यादीत सापडला असता. मी काढला नाही.

चौऱ्याण्णव साली नामविस्ताराचा निर्णय झाला, विद्यापीठाच्या जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. त्याच्या आदल्या दिवाळीत पेडगावच्या बाजूच्या एका वस्तीतले लोक माझ्याकडे आले होते. नव्या विहारासाठी त्यांना मोठं चित्र हवं होतं. विषय त्यांनीच सांगितला. एक आजारी भिक्खू घाणीत पडलेला असतो, त्याच्याजवळ कुणी जात नाही, तेव्हा बुद्ध स्वतः पाणी आणून त्याला धुतात, ती गोष्ट. मी म्हटलं, जमेल. ते गेल्यावर कोळसा घेतला आणि आधी नुसते पाय काढत बसलो.

चार महिने लावले. ट्यूबचे रंग, नितळ तेल, एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. कमिटीतला तरुण क्लार्क दर आठवड्याला चक्कर मारायचा. "पेंटर, उद्घाटनाची तारीख धरलीय, आजून वलंच हाय का?" मी म्हणायचो, वाळू द्या. म्हणाला, "आमच्या पाहुण्यांच्या आधी तरी वाळू द्या." मी विचारलं, पाहुणे कोण? "साळवे गुरुजी, सोनपेठचे. रिटायर झालेत. लय मोठे चित्रकार होते म्हनं कधीकाळी."

उद्घाटनाला मी जाऊ नये असं माझ्या मनात होतं. पण चित्र टांगायला माणूस लागतोच. सर आले. केस पांढरे, चष्मा जाड. त्यांनी मला ओळखलं, मानेने ओळख दिली. पडदा सरकवला, टाळ्या झाल्या, भाषणं झाली. मग लोक जेवायला गेले आणि सर एकटेच चित्रापुढे उभे राहिले. मी मागे जाऊन उभा राहिलो. ते चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ जाऊन भिक्खूचे पाय बघत होते.

"अंगठा आजून चुकायलास तू," म्हणाले. "बाकी पाय चांगले हायत."

मी म्हटलं, "सर, तेव्हा ते चित्र मी ठेवून घ्यायला पाहिजे होतं. मी अण्णांना विचारलंच नाही. मी शेतात जाऊन बसलो."

"मला ठाव हाय. मी दोन दिवस येऊन बगून गेलो. दुकान बंद."

"चित्राचं काय झालं?"

"गुंडाळून नेलं. आतल्या आत चिकटलं. माळ्यावर हाय तसंच, उघडलं तर फाटंल." मग विहाराच्या पायरीवर ते हळूच बसले. मी खालच्या पायरीवर बसलो. जेवणाच्या पंगतीचा गलका येत होता. सर म्हणाले, "चित्राची एवढी फिकीर करू नको उत्तम. नक्कल होती ती. नक्कल परत काढता येती."

मी म्हटलं, "मग दोन दिवस कशाला आलात?"

सरांनी चष्मा पुसला. "आमी सहा घरं होतो. रात्री बसलो आन् ठरवलं, गावात एक घर जरी आपल्या बाजूचं निगालं तरी उठायचं न्हाई. मी म्हनलं, एक घर हाय. त्याचं अक्षर भिंतीवर हाय, पन त्यो पोरगा माज्या घरी जेवलेला हाय, मी विचारून बगतो. चित्र नुस्तं निमित्त होतं. तू हो म्हनला असतास तर आमी थांबणार होतो."

ते हे रागाने बोलले नाहीत. अंगठ्याबद्दल बोलले तसंच बोलले. सोळा वर्षं मी एका बिघडलेल्या चित्राबद्दल स्वतःला बोल लावत होतो, आणि तो अपराध मला पेलण्याइतका होता. हा नाही पेलत. आमच्या गावातली ती सहा घरं आता नाहीत. तिथे कुणीतरी कडब्याच्या गंजी लावतं.

सरांची गाडीची वेळ झाली होती. त्यांना फाट्यापर्यंत सोडायला मी गेलो. वाटेने ते बोलत होते. जवस आता कुणी पेरत नाही, बाजारातल्या तेलात भेसळ असते, पायाचा अंगठा काढताना आधी नखाची दिशा बघावी, डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्याआधी करून घ्यायचं आहे. मी शेजारून चालत होतो आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणत होतो.